प्लँकस, पॉलिओ की मेस्साला? रोमन प्रजासत्ताकाचा अस्त कोणाच्या कारकिर्दीतून अभ्यासावा

रोमचे प्रजासत्ताक जाऊन तिथे एका माणसाची सत्ता कशी रुजली, हे समजून घ्यायचे ठरवलेला वाचक बहुधा ज्युलिअस सीझर, अँटनी आणि ऑगस्टस यांच्या चरित्रांकडे वळतो. ते स्वाभाविक आहे. पण या चरित्रांतून सत्तेसाठी कोण कसा लढला आणि कोण जिंकला, एवढेच नीट कळते. ज्या सिनेटर वर्गाने पिढ्यान्‌पिढ्या राज्य चालवले आणि ज्याला राजा या कल्पनेचाच तिटकारा होता, त्या वर्गाने हा बदल पचवला कसा, याचे उत्तर तिथे मिळत नाही. ते दुसऱ्या फळीतील माणसांकडे आहे. या माणसांनी कॉन्सलपद, म्हणजे वर्षभराचे सर्वोच्च शासकपद, भूषवले, सैन्ये सांभाळली, प्रत्येक वळणावर कोणाच्या बाजूने उभे राहायचे ते ठरवले आणि या सगळ्यातून तगून म्हातारपणही पाहिले.

अशी तीन नावे अभ्यासकापुढे सहज येतात: लुसिअस म्युनेशिअस प्लँकस, गायस असिनिअस पॉलिओ आणि मार्कस व्हॅलेरिअस मेस्साला कॉर्व्हिनस. प्रबंधासाठी असो की स्वतःच्या समाधानासाठी, तिघांनाही सारखा वेळ देणे बहुतेकांना परवडत नाही. एकाला मध्यभागी ठेवावे लागते. माझा कौल प्लँकसला आहे. तिघांत आवडण्याजोगा असा तो सर्वांत कमी आहे, आणि पॉलिओची मोहिनी मोठी असते, हे ठाऊक असूनही मी हे म्हणतो.

तिघांच्या मुळातच फरक आहे आणि तो पुढे जागोजागी जाणवतो. मेस्साला व्हॅलेरिअस घराण्यातला, म्हणजे रोमच्या जुन्या पॅट्रिशियन (उमराव) कुळांपैकी एकातला. त्याला मान मिळवावा लागला नाही, तो राखायचा होता. प्लँकस टिबूरचा, म्हणजे आजच्या टिव्होलीचा; घराणे प्रतिष्ठित होते, पण त्यात तोवर कोणी कॉन्सल झाला नव्हता. पॉलिओ मारुसिनी या इटालियन जमातीतला. रोमच्या मित्रराष्ट्रांनी नागरिकत्वासाठी इ.स.पू. ९१ मध्ये बंड पुकारले, तेव्हा हेरिअस असिनिअस या त्याच्या आजोबाने रोमविरुद्ध मारुसिनींचे नेतृत्व केले आणि त्याच युद्धात तो पडला. म्हणजे ज्याच्या आजोबाने रोमशी लढताना प्राण दिले, तो नातू पुढे रोमचा कॉन्सल झाला. प्लँकस आणि पॉलिओ हे दोघेही सीझरच्या छायेत वाढले. प्लँकस गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) आणि नंतरच्या यादवीत त्याचा सेनाधिकारी होता, पॉलिओ इ.स.पू. ४९ मध्ये यादवीला तोंड फोडत सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली तेव्हा त्याच्याबरोबर होता आणि पुढच्याच वर्षी सीझरने पाँपेला हरवले त्या फार्सालसच्या रणभूमीवरही होता.

तुलनेची खरी कसोटी आहे ती इ.स.पू. ४३ हे वर्ष. सीझरच्या हत्येनंतर अँटनी, सीझरचा दत्तक मुलगा असलेला तरुण ऑक्टेव्हियन (पुढचा ऑगस्टस) आणि सिनेट यांच्यात ओढाताण सुरू झाली, तेव्हा पश्चिमेच्या प्रांतांत तीन सेनापती सैन्यासह बसले होते: गॉलच्या मोठ्या भागावर प्लँकस, दक्षिण गॉल आणि जवळच्या स्पेनवर लेपिडस आणि दूरच्या स्पेनवर पॉलिओ. हे तिघे ज्याच्या बाजूने जातील त्याचे पारडे जड होणार होते, म्हणून सिनेटची बाजू लढवणारा वक्ता सिसेरो त्यांना पत्रांवर पत्रे लिहीत होता. आपले भाग्य असे की, प्लँकस आणि पॉलिओ या दोघांचीही उत्तरे टिकली आहेत आणि ती सिसेरोच्या पत्रसंग्रहाच्या एकाच, दहाव्या खंडात जवळजवळ आहेत. दोन माणसे एकाच पेचात, एकाच माणसाला, त्याच काही महिन्यांत काय लिहीत होती, हे शेजारी ठेवून वाचण्याची अशी संधी प्राचीन इतिहासात फार थोड्या ठिकाणी मिळते.

पॉलिओची पत्रे तीनच आहेत. पहिले १६ मार्चला कोर्दोबाहून लिहिलेले आहे. त्यात तो सांगतो की स्वभाव आणि अभ्यास या दोन्हींमुळे त्याचा ओढा शांतता आणि स्वातंत्र्य यांच्याकडे आहे. सीझरवर त्याने मनापासून प्रेम केले, हेही तो लपवत नाही. आणि पुढे स्पष्ट बजावतो की सर्व काही पुन्हा एकाच माणसाच्या हाती देण्याचा बेत असेल, तर तो माणूस कोणीही असो, मी त्याचा शत्रू आहे. भाषा ताठ आहे, वाक्ये माणसाच्या तोंडची वाटतात. दुसऱ्या पत्रात तो आपल्याच हाताखालच्या बाल्बस नावाच्या खजिनदाराबद्दल लिहितो: सैनिकांचा पगार थकवून, सरकारी पैसा गोळा करून तो आफ्रिकेत पळाला, आणि त्याआधी गादेस (आजचे कादिझ) येथे त्याने एका माजी सैनिकाला खेळाच्या मैदानात जिवंत जाळले. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या दिवसांत प्रांतांचे काय चालले होते, हे सांगणारे इतके जळजळीत पान दुसरे क्वचितच सापडेल.

प्लँकसची पत्रे संख्येने कितीतरी जास्त आहेत आणि त्यांचा सूर अगदी निराळा आहे. सिनेटला पाठवलेल्या अधिकृत पत्रात आपण इतके दिवस गप्प का होतो याचा तो सविस्तर खुलासा करतो: सैन्याची निष्ठा पक्की करायची होती, प्रांत हातचा जाऊ द्यायचा नव्हता, उघड बोलण्याआधी बळ जमवायचे होते. प्रत्येक कारण पटण्याजोगे आहे. मग लेपिडसचे सैन्य २९ मे रोजी अँटनीला जाऊन मिळाले आणि प्लँकस इझेर नदी पुन्हा ओलांडून, मागचे पूल तोडून माघारी आला. ६ जूनचे त्याचे पत्र आजच्या ग्रनोबलहून, म्हणजे तेव्हाच्या क्युलारोहून निघाले आहे. शेवटचे पत्र २८ जुलैचे आहे आणि माझ्या मते सबंध कारकिर्दीची किल्ली त्यात आहे. अँटनी आजही जिवंत आहे, लेपिडस त्याच्यासोबत आहे, त्यांच्याजवळ दखल घ्यावी असे सैन्य आहे, त्यांना आशा आहे, धाडस आहे, आणि या सगळ्याचे खापर ऑक्टेव्हियनवर फोडता येईल, असे तो त्यात लिहितो. कारण मदतीला येण्याऐवजी त्या तरुणाला दोन महिन्यांच्या कॉन्सलपदाची हाव सुटली आहे.

यानंतर काही आठवड्यांतच पॉलिओ अँटनीकडे गेला आणि प्लँकसही गेला. प्लँकसचा सहकारी डेसिमस ब्रूटस याचे सैन्य पांगले आणि पळताना तो मारला गेला. म्हणजे स्वातंत्र्याची भाषा ठामपणे बोलणारा आणि खुलाशांच्या आडोशाने वेळ काढणारा, हे दोघे एकाच दारातून आत शिरले. पॉलिओच्या बाजूने एवढे म्हणता येते की तो दूर होता, एकटा होता, त्याच्या सैन्याला फितवण्याचे प्रयत्न चालू होते आणि अँटनीशी त्याचा जुना स्नेह होता. ते खरे आहे. पण प्लँकसच्या बाजूनेही जवळजवळ तेच म्हणता येते, फक्त त्याच्या बाबतीत ते म्हणावेसे आपल्याला वाटत नाही. आपल्या सहानुभूतीतली ही विषमता अभ्यासकाने स्वतःशी तपासून पाहिली पाहिजे.

त्याची किंमत दोघांच्या घरांनी मोजली. नोव्हेंबरमध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस यांनी वधयाद्या काढल्या. त्यांत प्लँकसचा सख्खा भाऊ होता आणि पॉलिओचा सासराही होता. भावाचे नाव प्लँकसच्याच संमतीने घातले गेले, असे प्राचीन लेखक सांगतात. लेपिडसनेही आपल्या भावाचे नाव घातले होते. डिसेंबरअखेरीस प्लँकसची गॉलमधील आणि लेपिडसची स्पेनमधील विजयासाठी मिरवणूक निघाली, तेव्हा हे दोन कॉन्सल गॉलवर नव्हे, भावांवर विजय मिळवून आले आहेत, असे सैनिक मोठ्याने गात चालले होते. हे गाणे इतिहासकार व्हेलियस पॅटर्क्युलसने नोंदवले आहे आणि त्या वर्षाबद्दल कोणत्याही कायद्याच्या मसुद्यापेक्षा ते अधिक सांगते.

पुढच्या दशकात प्लँकस आणि पॉलिओ यांच्या वाटा फाकतात. इ.स.पू. ४१-४० च्या हिवाळ्यात अँटनीच्या भावाला ऑक्टेव्हियनने पेरुजियात वेढले, तेव्हा प्लँकस आणि पॉलिओ दोघेही सैन्यासह इटलीतच होते आणि दोघांपैकी कोणीही वेढा फोडायला पुढे सरसावला नाही. पेरुजिया पडल्यावर मात्र प्लँकसने सैन्य वाऱ्यावर सोडले आणि अँटनीची पत्नी फुल्विया हिच्याबरोबर ग्रीस गाठले. पॉलिओने आपली सात लीजन (रोमन सैन्याची मोठी दले) राखली, व्हेनिसच्या बाजूचा प्रदेश धरून ठेवला आणि डोमिशियस अहेनोबार्बसचे आरमार अँटनीच्या बाजूला वळवले. त्याच वर्षी कॉन्सल असताना अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांच्यातला ब्रुंडिसियमचा तह घडवून आणण्यात त्याचा वाटा होता. व्हर्जिलने सुवर्णयुगाच्या आगमनाचे आपले काव्य त्यालाच उद्देशून लिहिले. इलिरियातील पार्थिनींवर विजय मिळवून तो परतला, मिळालेल्या लुटीतून त्याने ‘स्वातंत्र्याचे सभागृह’ नव्याने उभारले आणि तिथे ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांचे रोममधले पहिले सार्वजनिक ग्रंथालय उघडले. तिथे लेखकांचे पुतळे होते, त्यांत जिवंत माणसाचा पुतळा एकच होता, विद्वान व्हॅरोचा. त्यानंतर पॉलिओने राजकारणाला रामराम ठोकला. तेव्हा त्याने चाळिशीही ओलांडली नव्हती, किंवा नुकतीच ओलांडली असेल.

प्लँकस याच काळात अँटनीच्या दरबारी होता. त्याने आशियाचा आणि पुढे सीरियाचा कारभार पाहिला. अलेक्झांड्रियातल्या एका मेजवानीत हा माजी कॉन्सल अंगाला निळा रंग फासून, डोक्यावर बोरूचा मुकुट आणि मागे माशाचे शेपूट लावून गुडघ्यांवर सरपटत ग्लॉकस या सागरदेवाचा नाच नाचला, असे व्हेलियस सांगतो. मग इ.स.पू. ३२ मध्ये तो भाचा टिशियस याला घेऊन ऑक्टेव्हियनकडे पळून आला आणि येताना सर्वांत मोलाची वस्तू घेऊन आला, ती म्हणजे माहिती: अँटनीचे मृत्युपत्र व्हेस्टा देवीच्या पुजारिणींकडे ठेवलेले आहे आणि त्यात काय आहे. ऑक्टेव्हियनने ते मिळवून सिनेटमध्ये वाचून दाखवले आणि रोमचे लोकमत अँटनीविरुद्ध तापवले. प्लँकस स्वतः सिनेटमध्ये अँटनीवर आरोपांची सरबत्ती करू लागला, तेव्हा कोपोनियस नावाचा वयस्क सिनेटर म्हणाला की, तुम्ही सोडून यायच्या आदल्या दिवशी अँटनीने बरेच काही केलेले दिसते.

त्याच वेळी पॉलिओला ऑक्टेव्हियनने आपल्याबरोबर युद्धाला येण्याचा आग्रह केला. पॉलिओचे उत्तर प्रसिद्ध आहे: अँटनीसाठी मी केले ते जास्त आहे, पण त्याने माझ्यासाठी केले ते लोकांना जास्त ठाऊक आहे, म्हणून तुमच्या झगड्यातून मी अंग काढून घेतो आणि जिंकेल त्याची लूट होऊन राहतो. दोन माणसांतला फरक एका ओळीत पाहायचा असेल तर कोपोनियसचे वाक्य आणि पॉलिओचे हे उत्तर शेजारी ठेवावे.

मग प्लँकस का? कारण पॉलिओ इथे थांबतो आणि बदलाची मुख्य प्रक्रिया इथून सुरू होते. इ.स.पू. २७ च्या जानेवारीत ऑक्टेव्हियनने राज्य सिनेट आणि जनतेच्या स्वाधीन केल्याचे जाहीर केले आणि १६ तारखेला त्याला नवे नाव देण्याचा प्रश्न आला. काहींनी रोम्युलस सुचवले. त्या नावाला राजेपणाचा वास होता. प्लँकसने ‘ऑगस्टस’ सुचवले आणि तो ठराव संमत झाला. सोळा वर्षांपूर्वी क्युलारोच्या आसपासच्या छावणीतून ज्याच्यावर सर्व अरिष्टाचे खापर फोडले होते, त्याच माणसाला हे नाव. सिनेट तीच, ठराव मांडण्याची पद्धत तीच, मांडणारा माजी कॉन्सल, मतदान रीतसर; आणि तरीही सगळे बदललेले. जुन्या संस्थांच्या हातांनीच नवी सत्ता कशी घडली, हे दाखवणारा याहून नेमका क्षण मला माहीत नाही.

या क्षणाला जोडून इ.स.पू. २२ कडे पाहावे. प्लँकस त्या वर्षी सेन्सॉर, म्हणजे नागरिकांच्या आणि सिनेटरांच्या याद्या तपासणारा अधिकारी, झाला. प्रजासत्ताकाच्या कारकिर्दीतले हे सर्वोच्च मानाचे पद. त्याचा जोडीदार पॉलस एमिलिअस लेपिडस. दोघांचे पटले नाही आणि हातून काही घडले नाही. पहिल्याच दिवशी दोघे व्यासपीठावर चढत असताना ते कोसळले, असे इतिहासकार कॅशिअस डिओ नोंदवतो आणि सत्ताधीश नसलेल्या दोन नागरिकांनी मिळून हे पद सांभाळण्याची ती शेवटची वेळ होती, असेही सांगतो. प्लँकसने पदांची सगळी शिडी चढून पार केली, तेव्हा वरच्या पायरीत काही उरले नव्हते.

मेस्सालाचे प्रकरण थोडक्यात सांगता येते. तो तिघांत सर्वांत तरुण. फिलिपीच्या लढाईत इ.स.पू. ४२ मध्ये तो सीझरचा मारेकरी मार्कस ब्रूटस याच्या बाजूने लढला आणि ऑक्टेव्हियनच्या छावणीपर्यंत पोचला. पराभवानंतर तो आधी अँटनीकडे आणि मग ऑक्टेव्हियनकडे गेला. इ.स.पू. ३१ मध्ये अँटनीच्या जागी तो कॉन्सल झाला आणि अँटनीचा पराभव झाला त्या ॲक्टियमच्या लढाईत ऑक्टेव्हियनच्या बाजूने लढला. फिलिपीला शत्रू असूनही इथे इतक्या उमेदीने लढलास, असे ऑक्टेव्हियनने म्हटल्यावर, आपण नेहमी अधिक चांगल्या आणि न्याय्य बाजूलाच होतो, असे त्याने सांगितल्याची प्लुटार्कची नोंद आहे. इ.स.पू. २६ च्या सुमारास त्याला शहराचा प्रशासक नेमले, तेव्हा काही दिवसांतच त्याने ते पद सोडले. ते अधिकार नागरी परंपरेत बसत नाहीत, असे त्याचे म्हणणे असल्याचे नोंदवलेले आहे. पण इ.स.पू. ११ मध्ये पाणीपुरवठ्याच्या नव्या खात्याचे प्रमुखपद त्याने घेतले आणि इ.स.पू. २ मध्ये ऑगस्टसला ‘राष्ट्रपिता’ ही पदवी देण्याचा प्रस्ताव सिनेटच्या वतीने त्यानेच मांडला. फिलिपीच्या रणांगणातून आलेला माणूस हे शब्द उच्चारतो, याचे वजन प्लँकसच्या ठरावापेक्षा वेगळे आहे: तिथे सोय होती, इथे समेट होता. जुन्या उमराव घराण्यांनी नव्या राजवटीत सन्मानाने जागा कशी शोधली, किंवा कवी टिबुलसला आश्रय देणाऱ्या मंडळाभोवतीचे साहित्यजीवन, हा तुमचा विषय असेल तर मेस्सालाच घ्यावा. पण त्याची स्वतःची पत्रे किंवा भाषणे आज नाहीत; जवळजवळ सगळे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागते.

पॉलिओच्या निवृत्तीबद्दल एक सावधगिरी बाळगावी लागते. तो निर्भय होता, हे खरे. ट्रॉय-क्रीडा या घोडेस्वारीच्या खेळात त्याच्या नातवाचा पाय मोडला, तेव्हा त्याने सिनेटमध्ये इतकी कडक तक्रार केली की ऑगस्टसने तो खेळ बंद केला. ऑक्टेव्हियनने त्याच्यावर टवाळीच्या ओव्या रचल्या तेव्हा, जो वधयादीत नाव घालू शकतो त्याच्याविरुद्ध लिहिणे सोपे नसते, म्हणून मी गप्प बसतो, असे तो म्हणाला. पण सेनेकाने सांगितलेला टिमाजेनिसचा प्रसंगही वाचावा. या इतिहासकाराला ऑगस्टसने आपल्या घराचे दार बंद केले आणि पॉलिओने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. ऑगस्टस एवढेच म्हणाला की तुम्ही एक जंगली जनावर पाळले आहे. पॉलिओ सबब सांगू लागला, तेव्हा त्याला थांबवून तो म्हणाला, असू द्या. त्यावर पॉलिओने उत्तर दिले: आपण आज्ञा करा, मी त्याला ताबडतोब घराबाहेर काढतो. पॉलिओचे स्वातंत्र्य कोणत्या कुंपणाच्या आत होते, हे या प्रसंगात दिसते. त्याच्या मुलाला, गायस असिनिअस गॅलस याला, ते कुंपणही लाभले नाही. ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याच्या काळात तीन वर्षे कैदेत राहून तो इ.स. ३३ मध्ये उपासमारीने मेला.

साधनांच्या बाबतीतही प्लँकसचे पारडे जड आहे. पॉलिओने इ.स.पू. ६० पासून सुरू होणारा यादवीचा इतिहास लिहिला होता. फसव्या राखेखाली दडलेल्या निखाऱ्यांवरून चालण्यासारखे ते काम आहे, असे कवी होरेसने त्याला उद्देशून म्हटले. तो ग्रंथ हरवला आहे. म्हणजे पॉलिओला निवडणारा अभ्यासक एका मोठ्या पोकळीभोवती फिरत राहतो. प्लँकसची पत्रे आहेत, होरेसचे त्याला उद्देशून लिहिलेले एक काव्य आहे, त्याने वसवलेली दोन शहरे आहेत, ल्यों आणि बासेलजवळचे ऑगुस्ता राउरिका. बासेलच्या नगरसभेच्या अंगणात त्याचा १५८० मधला पुतळा आजही उभा आहे.

आणि त्याची कबर आहे. नेपल्सच्या वायव्येला गाएता येथे, ओर्लांदो टेकडीच्या माथ्यावरची ती वर्तुळाकार भव्य कबर आजही पाहता येते. दारावरच्या शिलालेखात आधी वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे, मग पदे: कॉन्सल, सेन्सॉर, सैन्याने दोनदा केलेला जयघोष, धार्मिक मेजवान्यांच्या सात अधिकाऱ्यांपैकी एक, रेशियनांवरचा विजयोत्सव. पुढे लुटीच्या पैशातून बांधलेले सॅटर्नचे मंदिर, बेनेव्हेंतोला केलेले जमिनींचे वाटप आणि गॉलमधल्या दोन वसाहती. सिसेरो नाही, अँटनी नाही, भाऊ नाही आणि ‘ऑगस्टस’चा ठरावही नाही. विजयोत्सवांच्या अधिकृत यादीत त्याचा विजय गॉलवरचा म्हणून नोंदलेला आहे. कबरीवर मात्र रेशियनांचे, म्हणजे परकीय शत्रूचे नाव आहे. हा शिलालेख वाचताना पत्रांची पाने समोर उघडी असली, तर माणसाने स्वतःला कसे लक्षात ठेवायला लावले आणि प्रत्यक्षात काय घडले, यातले अंतर ओळीओळीने मोजता येते. पॉलिओ किंवा मेस्साला यांच्याबाबत हे करता येत नाही.

प्लँकस घेणाऱ्याने एका गोष्टीपासून मात्र जपावे. त्याच्याबद्दलची सर्वांत झोंबरी वाक्ये, फितुरी हा त्याचा आजारच होता हे वाक्यही, व्हेलियसची आहेत आणि व्हेलियस टायबेरियसचा निष्ठावंत अधिकारी होता. त्याने लिहिले त्याच्या दहाएक वर्षे आधी, इ.स. २० मध्ये, प्लँकसची नात मानली जाणारी प्लँसिना आणि तिचा नवरा पिसो यांच्यावर टायबेरियसचा दत्तक मुलगा जर्मेनिकस याच्या मृत्यूवरून खटला चालला होता आणि ते नाव रोममध्ये बदनाम झाले होते. सागरदेवाचा नाच हा त्याच लेखणीतून आलेला आहे.

वाचनाचा क्रम विचाराल, तर पत्रसंग्रहाचा दहावा खंड आधी घ्यावा, आणि त्यातही पॉलिओची तीन पत्रे आरंभीच वाचून टाकावीत, म्हणजे त्याच्या स्वराची कसोटी कानात राहील. मग प्लँकसची पत्रे तारखेच्या क्रमाने, मग गाएताचा शिलालेख आणि व्हेलियस सर्वांत शेवटी.